हजाराच्या आतली रेड वाइन घरी नीट कशी प्यावी

आपल्याकडे पाचशे ते हजार रुपयांची रेड वाइन बिघडते ती बहुधा वायनरीतून बाहेर पडल्यावर. गोदामात, टेम्पोत, दुकानाच्या दर्शनी फळीवर आणि शेवटी आपल्याच ओट्यावर. पहिल्या दोन जागांवर आपलं काही चालत नाही. उरलेल्या दोन सांभाळल्या, तर स्वस्तातली बाटलीही रविवारच्या जेवणाला छान साथ देते. खाली दिलेला क्रम घरी, निवांत दिवशी, पहिल्यांदा रेड वाइन उघडणाऱ्यांसाठी आहे.

आधी दोन व्यवहारी गोष्टी. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे (कडक दारूसाठी २५). आणि रविवारचा बेत असेल तर बाटली शनिवारीच आणा. मधेच ड्राय डे निघतो आणि जेवण तयार असताना दुकानाचं शटर खाली असतं. गोव्यातून स्वस्त म्हणून चार बाटल्या डिकीत टाकून आणायचा विचार असेल तर सोडून द्या. परवान्याशिवाय तो माल राज्यात आणणं गुन्हा आहे.

बाटली निवडताना

पाटीवर ‘वाइन शॉप’ असलं तरी आत नव्वद टक्के जागा व्हिस्की आणि बिअरची असते. वाइन असते वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या शेजारी, धूळ खात. तिथली बाटली घेऊ नका. एसी असलेलं, वाइनचा खप असलेलं दुकान शोधा, किंवा काउंटरवर सरळ विचारा, ‘थंड कपाटातली आहे का?’ दर्शनी काचेतली, उन्हात उभी असलेली बाटली सवलतीत मिळाली तरी ती महागच पडते.

बाटली हातात आल्यावर तीन गोष्टी पाहा. बूच असेल तर ते बाटलीच्या तोंडाच्या पातळीला बसलेलं हवं. वर फुगून आलं असेल किंवा वेष्टणाखाली चिकट ओघळ असेल, तर ती बाटली कधीतरी सडकून तापली आहे, कारण आतला द्रव प्रसरण पावतो आणि बूच ढकलतो. वाइनची पातळी मानेत असावी, खांद्यापर्यंत उतरलेली नसावी. तिसरी गोष्ट लेबलावरचं साल. आपल्याकडे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे एकाच सालाच्या दोन बाटल्यांत आपली सहा-सात महिन्यांनी मोठी असते. या किमतीतली रेड वाइन साठवून ठेवायला केलेलीच नसते. गेल्या एक ते तीन वर्षांतली घ्या. पाच वर्षं जुनी स्वस्त बाटली म्हणजे पाच उन्हाळे दुकानात काढलेली बाटली.

कोणतं द्राक्ष? नाशिकच्या पट्ट्यात शिराझ आणि कॅबर्ने सॉव्हिन्यॉ सगळीकडे दिसतात. सुला वायनरीची झिन्फँडेल आहे, अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सांज्योवेझे आहे, मर्लोही मिळते. पहिल्यांदाच पिणाऱ्याने मर्लो किंवा झिन्फँडेलने सुरुवात करावी. त्या कमी तुरट लागतात. शिराझला मिरीचा वास आणि थोडा भारदस्तपणा असतो, ती मटणासाठी राखून ठेवा. कॅबर्नेला कधी ढोबळी मिरचीचा हिरवट वास येतो. द्राक्षात मुळातच असलेल्या पायराझिन नावाच्या संयुगांचा तो गुण आहे, वाइन खराब झाल्याचं लक्षण नव्हे. तो वास काहींना आवडतो. आम्हाला स्वस्त कॅबर्नेत तो फारसा रुचत नाही.

एक गैरसमज मात्र आधीच दूर केलेला बरा. गोव्यात किंवा ख्रिसमसला मिळणारी गोड ‘पोर्ट वाइन’ बऱ्याच मराठी घरांत पहिली वाइन असते. ती बहुतेकदा बेंगळुरू ब्लूसारख्या खाण्याच्या द्राक्षाची आणि साखरेने गोड केलेली असते. तिच्या अपेक्षेने ड्राय रेड उघडली की पहिला घोट आंबट-तुरट लागून लोक तोंड वाकडं करतात. ‘ड्राय’ म्हणजे साखर जवळपास संपलेली वाइन, म्हणजे ती गोड नसणारच. पिकलेल्या फळांचा वास येतो म्हणून ती गोड असेल असंही नाही. पोर्टची सवय असलेल्याला ड्राय रेड द्यायची तर जेवणासोबत द्या, नुसती देऊ नका.

दुकानातून निघाल्यावर बाटली सरळ घरी आणा. बंद गाडीत मे महिन्याच्या दुपारी तापमान पन्नाशीच्या वर जातं. मंडईत तासभर थांबलात तर निवडण्यात घेतलेली मेहनत वाया.

थंड करणं: इथेच सगळं ठरतं

‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हा सल्ला जिथून आला तिथल्या दगडी घरांत खोली सतरा-अठरा अंशांवर असायची. पुण्यात ऑक्टोबरात आणि मुंबईत जवळपास बाराही महिने खोली २८ ते ३२ अंशांवर असते. त्या तापमानाला अल्कोहोलची वाफ नाकात झोंबते, फळाचा वास मागे पडतो आणि वाइन काढ्यासारखी जड लागते. उलट फ्रिजमधून थेट काढलेल्या ५ अंशांवरच्या रेडला वास उरत नाही आणि तुरटपणा दुप्पट जाणवतो. हलकी, स्वस्त रेड १४ ते १७ अंशांवर सगळ्यात चांगली लागते.

घरी तीन मार्ग आहेत. खोलीत ३० अंशांवर असलेली बाटली फ्रिजच्या आतल्या फळीवर साधारण दीड ते दोन तास ठेवा. दारात ठेवू नका, तिथे गारवा कमी आणि हादरे जास्त. घाई असेल तर मोठ्या पातेल्यात अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात मानेपर्यंत बुडवा, आठ ते दहा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात रोवून उपयोग नाही. बर्फाचे खडे बाटलीला जागोजागीच टेकतात, मधे हवा राहते. पाणी मात्र चहूबाजूंनी उष्णता ओढतं. तिसरा मार्ग फ्रीझरचा. ३० ते ४० मिनिटं, आणि मोबाइलवर गजर लावूनच. विसरलात तर वाइन गोठून बूच वर येतं, नाहीतर बाटली तडकते.

थर्मामीटर नसेल तर हाताचा अंदाज पुरतो: माठातल्या पाण्यापेक्षा जरा गार, फ्रिजच्या पाण्यापेक्षा बरीच कोमट. चुकायचंच असेल तर थंडकडे चुका. ग्लासात ओतल्यावर वाइन आपोआप तापते. ३० अंशांच्या खोलीत अर्ध्या तासात पाच-सहा अंश सहज चढतात. म्हणूनच एकदम भरलेला ग्लास नको. शंभर मिली ओता आणि बाटली परत फ्रिजमध्ये.

बर्फाचा खडा घालू का, हा प्रश्न हमखास येतो. वाइन फारच तापली असेल तर एक खडा टाकून मिनिटभरात चमच्याने काढून टाका. कुणी हसलं तर हसू द्या. याहून चांगला उपाय म्हणजे बिनबियांची द्राक्षं. शरद सीडलेससारखी काळी द्राक्षं धुऊन, कोरडी करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची आणि ग्लासात चार-पाच टाकायची. वाइन पातळ होत नाही आणि शेवटी द्राक्षं खाता येतात.

उघडणं

बऱ्याच भारतीय बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं. ते घट्ट असेल तर झाकणाऐवजी त्याच्या खालची धातूची पट्टी एका हातात पकडा आणि दुसऱ्या हाताने बाटलीचा तळ फिरवा.

बूच असेल तर दोन टप्प्यांचा टेकू असलेला घडीचा कॉर्कस्क्रू घ्या. दोन पंख वर होणाऱ्या प्रकारापेक्षा तो स्वस्तही असतो आणि बूच कमी तोडतो. वेष्टण बाटलीच्या ओठाच्या खालच्या कडेने कापा. मळसूत्राचं टोक बुचाच्या बरोबर मध्यापासून किंचित बाजूला टेकवून सुरुवात करा, म्हणजे पीळ फिरत मधोमध उतरतो. साधारण एक वेढा बाहेर राहिला की थांबा. आरपार गेला तर बुचाचा भुगा वाइनमध्ये पडतो. आधी वरचा टेकू, मग खालचा, आणि शेवटचा अर्धा सेंटिमीटर हाताने हळूहळू.

बूच अर्ध्यात तुटलं तर मळसूत्र तिरकं घालून एकदा प्रयत्न करा. तेही नाही जमलं तर लाटण्याच्या टोकाने ते आत ढकला आणि वाइन चहाच्या स्वच्छ गाळणीतून जगमध्ये ओता. चवीत काही फरक पडत नाही. ती गाळणी मात्र खरंच चहाच्या वासाची नसावी.

हवा लावणं

डिकँटर (वाइनला हवा लागावी म्हणून ती ज्यात ओततात ते काचेचं रुंद भांडं) विकत घेऊ नका. काचेचा पाण्याचा जग किंवा स्टीलचं भांडं पुरतं. वायनरीतही वाइन स्टेनलेस स्टीलच्याच टाक्यांत असते. तांब्या-पितळेची आणि ॲल्युमिनियमची भांडी मात्र वर्ज्य, कारण वाइन आम्लधर्मी असते आणि धातू तिच्यात उतरतो. अर्धी बाटली थोड्या उंचीवरून जगमध्ये ओता आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. नव्या शिराझचा कडकपणा तेवढ्यात उतरतो. मर्लोला याची गरज नसते. दोन तास उघडी ठेवायची हौस या किमतीच्या वाइनवर करू नका, असलेला फळाचा वासही उडून जाईल.

ग्लास पातळ काचेचा, वर निमुळता होणारा, ३०० ते ४०० मिलीचा असला की झालं. दोन ग्लास पुरतात. धुताना भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास राहू देऊ नका, शेवटी गरम पाण्याने विसळून उपडे न ठेवता कोरड्या फडक्याने पुसा. कपाटात उपड्या ठेवलेल्या ग्लासात कपाटाचा वास साठतो आणि लोक त्याचा दोष वाइनला देतात.

पहिला घोट, आणि बिघाड ओळखणं

ग्लास न हलवता एकदा वास घ्या. मग तळ टेबलावर ठेवूनच तीन-चार वेळा गोल फिरवा आणि पुन्हा घ्या. छोटा घोट तोंडात चार-पाच सेकंद घोळवा. हिरड्या आणि गाल कोरडे ओढल्यासारखे होतात ते टॅनिन. उकळलेल्या चहात, जांभळात, सुपारीत असतो तोच तुरटपणा. जिभेच्या कडांना लाळ सुटते ते आम्ल. गिळल्यावर घशात जी ऊब राहते ती अल्कोहोलची. पहिल्या दिवशी एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ. ‘चेरी, तंबाखू, जुनं चामडं’ या वर्णनांच्या मागे लागू नका.

वास विचित्र आला तर लगेच ओतून देऊ नका. विझलेल्या काडीचा किंवा हलका सडक्या अंड्याचा वास हवा न मिळाल्याने येतो. दहा मिनिटं जगमध्ये ठेवून पाहा, बहुतेकदा निघून जातो. जिभेवर किंचित बुडबुडे चुरचुरले तर तो नव्या वाइनमध्ये राहिलेला कार्बन डायऑक्साइड, जग जोरात हलवला की जातो. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर ती टार्टारिक आम्लाच्या क्षारांची स्फटिकं असतात, ती निरुपद्रवी. याउलट ओल्या पुठ्ठ्याचा, पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर ते बुचातून आलेलं दूषण आहे. ते हवेने जात नाही, उलट वाढतं. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास म्हणजे जिवाणूंनी काम सुरू केलं आहे. रंग विटकरी-तपकिरी आणि चव शिजवलेल्या मनुकांसारखी चपटी लागली तर बाटली तापलेली होती. बुचाच्या दूषणाची बाटली बिलासह, जवळपास भरलेली असतानाच दुकानात परत नेऊन पाहा. चांगला दुकानदार बदलून देतो.

किती

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. एकदा पाण्याने मापून आपल्या ग्लासात १५० मिली कुठवर येतात ते बघून ठेवा. बहुतेकांचा ‘एक ग्लास’ प्रत्यक्षात २०० मिलीच्या पुढे असतो. १३ टक्क्यांच्या १५० मिली वाइनमध्ये साडेएकोणीस मिली अल्कोहोल असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये पावणेतेरा-तेरा. म्हणजे वाइनचा एक ग्लास हा दीड छोटा पेग आहे आणि एका माणसाने पूर्ण बाटली संपवली तर साडेसात छोटे पेग झाले. ‘वाइनच तर आहे’ म्हणणाऱ्याला हे गणित दाखवा. नवख्याने जेवणासोबत एक, फार तर दोन ग्लास घ्यावेत, आणि प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी.

उपाशीपोटी नको, नंतर गाडी नको, गरोदरपणात नको. मेट्रोनिडॅझोलसारखी औषधं, झोपेच्या गोळ्या किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हृदयासाठी चांगली म्हणून पिऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की दारूचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. प्यायची तर चवीसाठी, थोडी.

डोकं दुखलं की लेबलावरच्या ‘सल्फाइट्स’ला शिव्या पडतात. गंधकाची धुरी दिलेल्या पिवळ्याधमक बेदाण्यांत सल्फाइट्स वाइनपेक्षा कितीतरी जास्त असतात. बेदाणे मूठभर खाऊन डोकं दुखत नसेल तर कारण बहुधा दुसरं आहे, कमी प्यायलेलं पाणी ही त्यातली एक शक्यता. दम्याच्या रुग्णांनी मात्र सल्फाइट्सची काळजी घ्यावी.

सोबत काय

इथे मराठी स्वयंपाकघराची एक अडचण आहे: तिखट. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही मिरचीचा दाह वाढवतात. मिसळ, तांबडा रस्सा, ठेचा यांच्यासोबत रेड वाइन म्हणजे आगीवर आग. तिथे बिअर किंवा सोलकढीच बरी. मासेही नकोत. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडलं की तोंडात लोखंडी, उग्र चव राहते. बांगड्यासोबत करून पाहा, एका घासात कळेल. कारलं आणि मेथी कडूवर तुरट चढवतात. पुरणपोळी किंवा श्रीखंडासोबत ड्राय रेड नुसती आंबट लागते.

जमतं ते असं. स्निग्ध आणि खमंग पदार्थ, कारण प्रथिनं आणि चरबी टॅनिनला धरून ठेवतात आणि तुरटपणा गळून पडतो. थालीपीठ आणि घरचं लोणी, सोबत मर्लो: या जोडीची शिफारस आम्ही डोळे झाकून करतो, कारण भाजणीतल्या धण्या-जिऱ्याचा भाजका वास वाइनच्या फळाला उचलून धरतो. दाण्याच्या कुटातली, तिखट हात राखून केलेली भरली वांगी. मिरीवर केलेलं सुकं मटण, सोबत शिराझ. तव्यावर परतलेलं पनीर. आणि काहीच करायचं नसेल तर खारे दाणे, चीजचे तुकडे आणि दोन-चार अंजिरं. दुपार निघते.

वाइन आवडलीच नाही तर

स्पेनमध्ये उन्हाळ्यात साध्या रेड वाइनचं ‘तिंतो दे व्हेरानो’ करतात: ग्लासभर बर्फ, १०० मिली वाइन, १०० मिली लिंबाचा गोड सोडा, लिंबाची चकती. नाशिकच्या एप्रिलला हे फार चांगलं लागतं आणि एका ग्लासात अल्कोहोलही एक तृतीयांशाने कमी जातो. सांग्रिया करायची तर ७५० मिली वाइनमध्ये एक संत्रं आणि एक सफरचंद चिरून, दोन चमचे साखर घालून चार तास फ्रिजमध्ये, आणि वाढताना सोडा. बुचाचं दूषण असलेली वाइन मात्र यातही वाचत नाही.

उरलेली बाटली

झाकण लावून लगेच फ्रिजमध्ये, उभी. आडवी ठेवली तर हवेशी जास्त पृष्ठभाग येतो. तीन दिवस ठीक राहते. आठवडाभर टिकवायची असेल तर बाटली उघडल्या उघडल्याच, पिण्याआधी, निम्मी वाइन ३७५ मिलीच्या स्वच्छ धुतलेल्या रिकाम्या बाटलीत अगदी काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा. आत हवाच नसली तर बिघडायला वाव कमी. पुन्हा पिताना फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायला विसरू नका.

चौथ्या-पाचव्या दिवशी चव चपटी झाली की स्वयंपाकात वापरा. किलोभर मटणाला १०० मिली वाइन, सात-आठ लसणाच्या पाकळ्या आणि मिरी लावून दोन तास ठेवायचं. गोव्याचं विंदालू मुळात असंच, वाइन-लसणात मुरवलेल्या पोर्तुगीज मांसावरून आलं आणि तिथे वाइनची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली. म्हणजे थोडी आंबलेली वाइनही इथे चालून जाते. शिजवताना भांडं स्टीलचं घ्या आणि वाइन घातल्यावर पहिली पाच मिनिटं झाकण ठेवू नका, कच्चा दारूचा वास तेवढ्यात उडतो.

चादरीवर किंवा पांढऱ्या कुर्त्यावर सांडली तर चोळू नका. कागदाने टिपा, वर बाटलीतला साधा सोडा ओता, पुन्हा टिपा, मग मिठाचा थर देऊन अर्धा तास ठेवा आणि गार पाण्याने धुवा. डाग पूर्ण निघेपर्यंत गरम पाणी आणि इस्त्री दोन्ही लांब.